रानज्वारी नेमकी ओळखायची कशी: खणण्यापासून नाव लिहिण्यापर्यंत

रानज्वारीचे म्हणून जे फोटो ओळखीसाठी पुढे येतात, त्यांत बहुतेक वेळा फक्त कणीस असते. मागे आकाश, पुढे झुकलेला फुलोरा आणि खाली प्रश्न: ही कोणती जाती? अशा फोटोवरून प्रामाणिक उत्तर देता येत नाही. सोर्घम, म्हणजे ज्वारीच्या प्रजातीतल्या जंगली गवतांची ओळख ज्या खुणांवर ठरते, त्यांतल्या महत्त्वाच्या खुणा चौकटीबाहेरच राहिलेल्या असतात. काही जमिनीखाली, काही खोडाच्या गाठीवर, आणि काही इतक्या बारीक की भिंगाशिवाय दिसत नाहीत.

दुसरी चूक याहून नुकसान करणारी आहे. आधी नाव मनात येते आणि मग त्या नावाला जुळणाऱ्या खुणा शोधल्या जातात. उंच गवत, ज्वारीसारखे पान, सैल कणीस, म्हणजे जॉन्सन गवतच (ज्वारीचे रानटी, तण बनलेले भावंड), असे ठरवून टाकले की पुढचे सगळे त्या चष्म्यातून दिसते. म्हणून हा लेख क्रमावर भर देतो. जागा, मूळ, गाठ, कणीस, कणिशक आणि शेवटी नाव. मधली पायरी गाळू नका.

काही शब्द आधीच ठरवून घेऊ. खोडाच्या दोन कांड्यांमधला जोड म्हणजे गाठ. कणसातला सर्वांत लहान एकक, ज्यात गवताचे फूल असते, ते कणिशक. कणिशकाला बाहेरून झाकणारी दोन टरफले म्हणजे तुष. जमिनीखाली आडवे पसरणारे खोड म्हणजे मूलक्षोड. इथे प्रजाती म्हणजे इंग्रजीतला जीनस आणि जाती म्हणजे स्पीशीज. आणि कुसळ सगळ्यांना माहीत आहे.

## तयारी

वेळ निवडा. नुसते पोटरीत आलेले गवत उपयोगाचे नाही आणि कणीस पूर्ण झडलेलेही नाही. सोर्घममध्ये फुलोरा कणसाच्या टोकाकडून सुरू होऊन खाली उमलत येतो. त्यामुळे टोकाची कणिशके पिकून गळू लागली आहेत आणि बुडाकडची अजून फुलात आहेत, अशी अवस्था साधली तर एकाच कणसात सगळे पाहता येते. ही अवस्था थोडेच दिवस टिकते. ती चुकली तर त्याच जागी शेजारचे उशिरा निसवलेले फुटवे शोधा.

सोबत घ्या: दहापट मोठे दाखवणारे भिंग, मिलिमीटरच्या खुणा असलेली पट्टी, दोन सुया, कुदळ आणि खुरपे, कागदी पाकिटे, जुनी वर्तमानपत्रे, पेन्सिल आणि वही, ठिकाणाचे अक्षांश-रेखांश दाखवणारा फोन. मूलक्षोड कापायला धारदार चाकू हवा. प्लास्टिकची पिशवी जाड घ्या, कारण मूलक्षोडाची टोके अणकुचीदार असतात आणि पातळ पिशवी फाडून बाहेर येतात. पानांच्या कडा खरखरीत असतात, तेव्हा अंगात लांब बाह्यांचे कपडे असू द्या.

शाईच्या पेनाने लिहू नका. ओल लागली की नोंद पुसते आणि नोंदीशिवाय नमुना निरुपयोगी असतो.

संरक्षित क्षेत्रात किंवा कुणाच्या जमिनीत खणण्याआधी परवानगी घ्या. इथे खणणे टाळता येत नाही, त्यामुळे नुसते बघायला आलो होतो ही सबब चालत नाही.

## टप्पा १: गवताला हात लावण्याआधी जागा लिहा

बहुतेक जण जागेची नोंद घरी गेल्यावर करतात. तोवर उतार, ओल आणि शेजारची झाडे आठवणीतून गेलेली असतात. तिथेच उभे राहून पुढील गोष्टी लिहा.

- पाणी कुठून येते: ओढा, कालवा, पाझर, की फक्त पाऊस.
- माती: काळी आणि तडे जाणारी, वाळूमिश्रित, मुरमाड, गाळाची, चुनखडीची.
- ऊन: उघडे रान, विरळ झाडांची सावली, जंगलाची कड.
- माणसाचा हस्तक्षेप: नांगरट, रस्त्याची भर, जनावरांची चराई, वणवा.
- लागवडीची ज्वारी किंवा चाऱ्याची सुदान गवतासारखी पिके किती अंतरावर आहेत.
- गवत कसे वाढले आहे: एकेकटे ठोंब, की सलग पसरलेला ताटवा.

शेवटून दुसरी ओळ सर्वांत जास्त वेळा सुटते आणि तीच पुढे सर्वांत जास्त लागते. रानटी सोर्घम आणि पीक यांचा संकर सहज होतो. पिकाच्या जवळ सापडलेल्या गवतात मधल्याच कुठल्यातरी खुणा दिसल्या तर संकराची शक्यता आधी तपासावी लागते. हे अंतर लिहिलेले नसेल तर तपासणार कशी?

लक्षात ठेवा: जिथे सापडले ती जागा आणि त्या जातीचा नैसर्गिक अधिवास या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कालव्याच्या काठावर, रेल्वेच्या भरावावर, पडीक शेतात तण म्हणून आलेले गवत तिथले मूळ रहिवासी असेलच असे नाही. वहीत फक्त जे दिसते ते लिहा. ‘नैसर्गिक अधिवास’ हा निष्कर्ष आठव्या टप्प्यात काढायचा आहे.

## टप्पा २: खणा

या टप्प्याला जितका वेळ द्याल तितका कमीच. वार्षिक की बहुवर्षायू, मूलक्षोड आहे की नाही, हा प्रश्न सोर्घमच्या ओळखीत सर्वांत मोठी फूट पाडतो, आणि त्याचे उत्तर गवत उपटून मिळत नाही. उपटले की मूलक्षोड तुटून मातीत राहते आणि हातात फक्त तंतुमुळांचा झुपका येतो. तेवढ्यावर ‘मूलक्षोड नाही’ अशी नोंद होते, आणि पुढचे सगळे चुकते.

असे करा. ठोंबापासून वीतभर अंतरावर चहूबाजूंनी माती सैल करा. कुदळ उभी न मारता तिरपी घाला. हाताने माती झटकत आत जा. मूलक्षोडांचा मोठा भाग वरच्या २० सेंटिमीटरच्या थरात असतो, पण भुसभुशीत जमिनीत ती बरीच खोल उतरतात, म्हणून वरच्या थरात काही दिसले नाही तर तिथेच थांबू नका. एकच ठोंब पाहून समाधान मानू नका. ताटव्याच्या मध्यावरचा एक आणि कडेचा एक, असे किमान दोन खणा. कडेला नवे मूलक्षोड वाढत असते आणि तिथे ते स्पष्ट दिसते.

सापडले ते मूलक्षोड आहे का, हे असे तपासा:

- त्यावर गाठी आहेत, प्रत्येक गाठीला खवल्यासारखे कोरडे पान आणि एक डोळा आहे.
- ते जमिनीला समांतर किंवा तिरपे धावते, टोकाला कठीण आणि अणकुचीदार होते.
- कापल्यावर आत भरीव, पांढरट आणि मांसल दिसते. मूळ कापले तर मध्ये दोरीसारखा चिवट गाभा असतो, आणि मुळावर गाठी कधीच नसतात.

इथे तीन फसव्या गोष्टी हमखास समोर येतात.

पहिली म्हणजे मातीची भर. गाळ साचला किंवा माती चढली की उभ्या खोडाच्या खालच्या गाठी जमिनीत गाडल्या जातात, त्यांना मुळे फुटतात, आणि ते मूलक्षोडासारखे दिसू लागते. पण हे खोड सरळ वर जाते आणि त्यावर खवले नसून कुजलेल्या पानांचे अवशेष असतात. दुसरी म्हणजे खोडवा. वार्षिक रानज्वारी कापली गेली किंवा चरली गेली आणि ओल टिकून राहिली तर त्याच बुडख्यातून ती पुन्हा फुटते. जुना बुडखा आणि नवे फुटवे पाहून ती बहुवर्षायू वाटते. तिसरी फसगत वयाची आहे. जॉन्सन गवताच्या बियांपासून उगवलेल्या रोपाला पहिले काही आठवडे मूलक्षोड नसते, आणि त्याची खरी जोमदार वाढ फुलोऱ्यानंतर होते. कोवळ्या रोपावरून ‘मूलक्षोड नाही’ असे लिहिणे म्हणूनच घाईचे ठरते.

कोवळे रोप हलक्या हाताने काढले तर बुडाशी बियाचे जुने टरफल चिकटलेले दिसते. ते असेल तर रोप बियांचे आहे. नसेल आणि आडव्या तुकड्याला जोडलेले असेल तर ते मूलक्षोडाच्या डोळ्यातून आले आहे.

इशारा: जॉन्सन गवताच्या मूलक्षोडाचा बोटभर तुकडाही डोळा जिवंत असला तर रुजतो. कुदळीला, बुटांना चिकटलेली माती त्याच जागी झटका. खणलेले तुकडे बांधावर टाकून देऊ नका.

इशारा: सोर्घमच्या कोवळ्या फुटव्यांत धुरिन नावाचे द्रव्य असते. त्यातून जनावराच्या पोटात सायनाइड तयार होते. दुष्काळात सुकलेल्या, कडक थंडीने मारलेल्या किंवा कापल्यानंतर नुकत्याच फुटलेल्या धाटांत हा धोका वाढतो. तपासून उरलेले गवत जनावरांपुढे टाकू नका.

## टप्पा ३: गाठ, पान आणि जिभिका

आता खोडाच्या मधल्या गाठी पाहा. पानाचे आवरण नखाने बाजूला करा, म्हणजे गाठ उघडी होते. आवरण न काढता वरवर पाहिले तर केस झाकलेले राहतात आणि चुकीची नोंद होते.

गाठीभोवती लांब, दाट केसांचे कडे, म्हणजे सरळ दाढी असावी तसे, दिसले तर ही खूण ठळक अक्षरांत लिहा. सोर्घममधल्या पॅरासोर्घम नावाच्या गटाकडे बोट दाखवणारी ही पहिली खूण. गाठ गुळगुळीत किंवा फक्त बारीक लव असलेली असेल तर बहुधा तुम्ही लागवडीच्या ज्वारीच्या जवळच्या गटात आहात. कोवळ्या वरच्या गाठींवर केस असतात आणि जुन्या खालच्या गाठींवरून ते झडलेले असतात, म्हणून किमान तीन गाठी पाहा.

पान आणि आवरण जुळतात तिथे आतल्या बाजूला एक छोटा पापुद्रा असतो, ती जिभिका. सोर्घममध्ये ती पातळ पापुद्र्याची आणि कडेला केसाळ असते. मधली शीर जाड आणि बहुधा पांढरट असते.

पानाच्या रुंदीवर मात्र भरवसा ठेवू नका. जॉन्सन गवताचे पान सहसा ४ सेंटिमीटरपेक्षा अरुंद असते हे खरे, पण सुपीक आणि कोरड्या जागेतल्या त्याच जातीच्या पानांत दुपटीचा फरक पडतो. उंचीचेही तसेच.

## टप्पा ४: कणसाच्या फांद्या मोजू नका, त्यांचे वळण पाहा

एक कणीस आडवे धरा आणि मुख्य दांड्यापासून निघणारी मधली एक फांदी शोधून तिच्या टोकापर्यंत जा. प्रश्न एकच आहे: ही फांदी पुन्हा फुटते का?

जॉन्सन गवत, रानटी ज्वारी आणि त्यांचे सोबती यांच्यात फांदीला उपफांद्या फुटतात आणि त्यांवर कणिशकांच्या छोट्या मंजऱ्या येतात. पॅरासोर्घम आणि स्टिपोसोर्घम (सोर्घममधलाच आणखी एक गट) यांच्यात फांद्या गाठीगाठीला वलयात निघतात, पण प्रत्येक फांदी साधी असते. ती न फुटता जाते आणि टोकाला एकच मंजरी धरते.

कणीस दाबून सुकल्यावर फांद्या एकमेकींवर चिकटतात आणि हे वळण ओळखता येत नाही. म्हणून हे ताजेपणीच पाहून लिहा, आणि फांदी पांढऱ्या कागदावर पसरून पट्टीसह फोटो घ्या.

## टप्पा ५: कणिशकांची जोडी

आता भिंग काढा. सोर्घमची कणिशके जोडीने येतात. एक बिनदेठाचे, टपोरे, त्यात दाणा भरतो. दुसरे देठाचे, अरुंद, नर किंवा वांझ. मंजरीच्या टोकाला जोडीऐवजी तिघे असतात: एक बिनदेठाचे आणि दोन देठाची. टोकाचे त्रिकूट पाहून ‘जोडी नाही’ अशी नोंद होण्याची चूक नेहमीची आहे, म्हणून मंजरीच्या मध्यावरची जोडी तपासा.

गवत सोर्घमच आहे ना, याची खात्री इथेच होते. सारखी दिसणारी गवते अशी गळतात:

- कणिशके जोडीने नाहीत, एकेकटी आहेत: हे गिनी गवतासारखे काही असेल. सोर्घम नाही.
- जोडीतली दोन्ही कणिशके सारखी आणि लांब रेशमी केसांत बुडालेली: हा कास किंवा उसाचा दुसरा नातलग.
- देठ आहे पण त्याच्या टोकाला कणिशकच नाही, नुसती केसाळ काडी: हे सोर्घॅस्ट्रम.
- फांदीच्या टोकाला फक्त एक त्रिकूट आणि कणिशक दोन्ही बाजूंनी चपटे: क्रायसोपोगॉन. सोर्घमचे कणिशक पाठीपोटाकडून चपटे असते.
- मंजरीच्या सांध्यांवर मधोमध पारदर्शक रेघ: बोथ्रिओक्लोआ.

सोर्घम ठरले, तर बिनदेठाचे एक पक्व कणिशक सुईने सोडवा आणि चार गोष्टी लिहा.

लांबी. जॉन्सन गवतात ती साधारण ४ ते ५.५ मिलिमीटर भरते. कुसळ धरून मोजू नका. ही चूक इतकी सर्रास होते की मोजमाप लिहिताना ‘कुसळ सोडून’ हे शब्द लिहायची सवयच लावून घ्या.

खालच्या तुषाचे टोक. जॉन्सन गवतात ते भिंगाखाली तीन बारीक दातांचे दिसते. प्रॉपिंक्वम या मूलक्षोडाच्याच दुसऱ्या जातीत ते दाते नसलेले, निमुळते टोकदार असते. हे पाहायला कणिशक उजेडासमोर धरावे लागते.

कुसळ. आहे का, किती लांब, गुडघ्यासारखे वाकलेले आहे का. कुसळ सहज झडते. जॉन्सन गवतात ते असतेही आणि नसतेही, त्यामुळे कुसळ नाही एवढ्यावरून काहीच सिद्ध होत नाही. याउलट कित्येक सेंटिमीटर लांबीचे कुसळ आणि त्याखाली सुईसारखे टोकदार बूड असेल तर तो स्टिपोसोर्घमचा पक्का इशारा.

देठाचे कणिशक. त्यात परागकोश आहेत का? इथे वेळ सांभाळावी लागते. जोडीतले बिनदेठाचे फूल आधी उमलते आणि देठाचे नंतर. वरच्या भागातले परागकोश गळून गेलेले असतात आणि अगदी खाली अजून आलेले नसतात, म्हणून कणसाच्या मधल्या पट्ट्यात पाहा. हे कणिशक नुसत्या रिकाम्या तुषांपुरते उरले असेल तर तसे लिहा. मॅक्रोस्पर्मम आणि लॅक्सिफ्लोरम या जातींची ती खूण आहे.

## टप्पा ६: गळण्याची परीक्षा

पिकलेल्या टोकाकडचे कणीस तळहातावर हलकेच झटका. ओरबाडू नका. ओरबाडल्यावर तर लागवडीची ज्वारीही गळते, आणि परीक्षेचा अर्थच राहत नाही.

लगेच आणि आपोआप गळाले तर गवत खरोखर जंगली आहे. गळते पण उशिरा, अर्धवट, तर पीक आणि रानटी यांच्या मधल्या तणज्वारीचा संशय घ्या. अजिबात गळत नसेल आणि मळल्याशिवाय दाणा सुटत नसेल तर ते शेतातून निसटलेले पीक आहे. रस्त्याच्या कडेला एकटे उगवलेले धाट जंगली असतेच असे नाही.

गळालेल्या कणिशकाचे बूड भिंगाखाली धरा. सांधा स्वच्छ सुटून गुळगुळीत खळगा दिसतो का, की अक्षाचा, म्हणजे मंजरीच्या मधल्या दांड्याचा, तुटका तुकडा कणिशकाला चिकटून आला आहे? जॉन्सन गवतात सांधा स्वच्छ सुटतो. अल्मम, म्हणजे कोलंबस गवत, यात अक्ष तुटतो आणि तुकडा सोबत येतो. या दोघांना वेगळे करायला शेतात याहून खात्रीची खूण नाही, आणि ती पाहणारे फार थोडे. किमान दहा-बारा कणिशके पाहा, एकावर निकाल देऊ नका.

## टप्पा ७: आता वर्गीकरण

इथवर जमवलेल्या नोंदी समोर ठेवा. वरचे स्तर सोपे आहेत. कुल पोएसी, म्हणजे गवतांचे. उपकुल पॅनिकॉइडी. त्यातला अँड्रोपोगॉनी हा गट, ज्यात ऊस आणि मकाही येतात. प्रजाती सोर्घम, जी वनस्पतिशास्त्रज्ञ मेंख यांनी १७९४ मध्ये मांडली. तिच्यात साधारण दोन डझन जाती धरतात.

प्रजातीचे परंपरेने पाच भाग केले जातात, आणि तुमच्या नोंदी त्या भागांत अशा पडतात:

१. गाठीवर केसांचे कडे, फांद्या साध्या, बूड बोथट: पॅरासोर्घम. पर्प्युरिओसेरिसियम, व्हर्सिकलर, निटिडम या जाती इथल्या.

२. फांद्या साध्या, बूड सुईसारखे, कुसळ फार लांब: स्टिपोसोर्घम. स्टिपॉइडियम, इन्ट्रान्स वगैरे.

३. आणि ४. देठाचे कणिशक रिकाम्या तुषांपुरते: कीटोसोर्घम, ज्यात एकटी मॅक्रोस्पर्मम, आणि हेटेरोसोर्घम, ज्यात एकटी लॅक्सिफ्लोरम.

५. गाठ गुळगुळीत किंवा लवदार, फांद्या पुन्हा फुटणाऱ्या, देठाचे कणिशक नीट वाढलेले: खरे सोर्घम, म्हणजे युसोर्घम.

पाचव्या भागात पोहोचलात तर मूलक्षोडाच्या नोंदीकडे परत जा.

मूलक्षोड आहे, तुषाचे टोक तीन दातांचे, सांधा स्वच्छ: हॅलेपेन्स, म्हणजे जॉन्सन गवत. मूलक्षोड आहे, टोक निमुळते, कुसळ नाही: प्रॉपिंक्वम. मूलक्षोड आखूड आणि वरच्या दिशेला वळलेले, अक्ष तुटणारा: अल्मम. मूलक्षोड नाही आणि कणिशके आपोआप गळतात: बायकलरचे, म्हणजे लागवडीच्या ज्वारीच्या जातीचे, जंगली रूप, उपजाती व्हर्टिसिलिफ्लोरम. मूलक्षोड नाही आणि गळणे अर्धवट: उपजाती ड्रमंडाय, म्हणजे तणज्वारी किंवा सुदान गवत.

प्रयोगशाळा हाताशी असेल तर गुणसूत्रे निर्णायक मदत करतात. बायकलर आणि प्रॉपिंक्वममध्ये २०, हॅलेपेन्स आणि अल्मममध्ये ४०. पॅरासोर्घममध्ये बहुधा १० किंवा २० असतात आणि ती आकाराने ठळक मोठी असतात. त्यामुळे २० हा आकडा एकटा पुरेसा नाही, आकारही लिहावा लागतो.

नावांबद्दल सावधान. एकाच गवताला दोन ग्रंथांत दोन नावे सापडतील. जंगली व्हर्टिसिलिफ्लोरमला काही जण सोर्घम अरुंडिनेसियम या स्वतंत्र जातीचा दर्जा देतात. २००३ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ स्पँग्लर यांनी वर सांगितलेल्या काही गटांतल्या जाती सार्गा आणि व्हॅकोपॅरिस या वेगळ्या प्रजातींत नेल्या, आणि सगळ्यांनी ते स्वीकारलेले नाही. जुन्या पुस्तकातले नाव लंडनच्या क्यू वनस्पती उद्यानाच्या जागतिक वनस्पतिसूचीत तपासा, आणि तुम्ही कोणती पद्धत पाळली ते नोंदीत लिहा.

## टप्पा ८: अधिवासाशी ताळा

नाव ठरल्यावरच या टप्प्याला या. आधी आलात तर जागा पाहून नाव ठरवण्याचा मोह होईल.

हॅलेपेन्सचा मूळ पट्टा भूमध्य समुद्राच्या परिसरापासून भारतापर्यंत मानला जातो. ओढ्याकाठच्या आणि ओलीच्या जागा त्याला आवडतात. आज ते सर्व उष्ण आणि समशीतोष्ण खंडांत शेतात, कालव्यांवर, रस्त्याकडेला आहे. अमेरिकेत सापडले तर ‘आगंतुक’ लिहा, नैसर्गिक अधिवास नव्हे. प्रॉपिंक्वम दक्षिण भारत आणि श्रीलंकेपासून आग्नेय आशियापर्यंत, ओलसर गवताळ जागी आणि पाण्याकाठी. अल्मम अर्जेंटिनातून वर्णन झालेला संकर आहे, त्याला जुना जंगली अधिवास शोधायलाच जाऊ नये.

बायकलरच्या जंगली रूपाचे माहेर आफ्रिका, आणि तिथे अधिवासानुसार चार वंश सांगितले जातात. हा भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो, कारण एकाच उपजातीत जागा किती बोलते ते इथे दिसते. अरुंडिनेसियम हा वंश पश्चिम आफ्रिकेच्या वर्षावनाच्या कडेने आणि नदीकाठी वाढतो. व्हर्टिसिलिफ्लोरम, उपजातीच्याच नावाचा वंश, मोकळ्या सॅव्हानात सर्वदूर पसरलेला आहे. इथिओपिकम सहाराच्या दक्षिणेकडच्या कोरड्या पट्ट्यात. आणि व्हर्गॅटम ईशान्य आफ्रिकेच्या रखरखीत प्रदेशात, पण नेमका पाण्याच्या कडेला, नाईलच्या परिसरातल्या प्रवाहांवर आणि पाटांवर. म्हणजे ‘कोरडा प्रदेश’ एवढेच लिहिलेल्या नोंदीतून इथिओपिकम आणि व्हर्गॅटम वेगळे करता येत नाहीत. पहिल्या टप्प्यात पाणी कुठून येते हे विचारले ते यासाठी.

पर्प्युरिओसेरिसियम आफ्रिका आणि भारत या दोन्हीकडे, तर व्हर्सिकलर पूर्व आणि दक्षिण आफ्रिकेत. दोघांनाही काळी, तडे जाणारी चिकणमाती मानवते. निटिडम भारतापासून चीन आणि उत्तर ऑस्ट्रेलियापर्यंत गवताळ उतारांवर. स्टिपोसोर्घमचे घर उत्तर ऑस्ट्रेलियातला मोसमी सॅव्हाना, आणि मॅक्रोस्पर्मम तिथल्याच कॅथरीन परिसरातल्या चुनखडीच्या खडकांपुरती मर्यादित आहे.

जागा आणि नाव जुळत नसेल तर दोन्हींपैकी एकही बदलू नका. दुसऱ्या आणि सहाव्या टप्प्यातल्या नोंदी पुन्हा तपासा. चूक बहुधा तिथेच निघते.

## टप्पा ९: नमुना दाबणे

नमुन्यात मूलक्षोड किंवा बुडखा, मधली गाठ, पान आणि पूर्ण कणीस हे चारही हवे. संग्रहाचा कागद साधारण ४२ बाय २९ सेंटिमीटरचा असतो आणि धाट माणसापेक्षा उंच. लहान गवत इंग्रजी व्ही किंवा एन अक्षराच्या आकारात दुमडा. मोठ्याचे बूड, मध्य आणि शेंडा असे तीन तुकडे करून तिन्हींना एकच क्रमांक द्या. दुमड कांड्यावर घाला, गाठीवर नको.

माती धुवा, पण कणसाला पाणी लागू देऊ नका. जाड मूलक्षोड लांबीत उभे चिरा, नाहीतर आतून बुरशी येते. कागद सुरुवातीचे काही दिवस रोज बदला. गळालेली कणिशके पाकिटात घालून त्याच कागदाला जोडा. ती केरात गेली तर सहाव्या टप्प्याचा पुरावाच गेला.

## टप्पा १०: चिठ्ठी आणि उरलेला पसारा

चिठ्ठीवर क्रमांक, तारीख, अक्षांश-रेखांश, पहिल्या टप्प्यातली जागेची नोंद, उंची आणि ताजेपणीचे रंग लिहा. सुकल्यावर तुषांचा लाल-जांभळा रंग फिका पडतो.

नाव पुराव्याइतकेच लिहा. मूलक्षोड पाहिले पण पक्व कणिशक मिळाले नाही, तर ‘सोर्घम, युसोर्घम गट, मूलक्षोडाचे’ इथेच थांबा. पिकाशेजारी मधल्या खुणांचे गवत मिळाले तर ‘संकर असण्याची शक्यता’ असे लिहा. अशी अर्धी पण खरी नोंद पुढच्या अभ्यासकाला उपयोगी पडते. चुकीचे पूर्ण नाव मात्र नकाशांत आणि याद्यांत शिरते आणि ते काढणे फार अवघड जाते.

उरलेले मूलक्षोडाचे तुकडे आणि दाणे कचऱ्यात किंवा कंपोस्टमध्ये टाकू नका. तुकडे उन्हात कडक वाळवून जाळा, किंवा उकळत्या पाण्यात बुडवून मग फेका. पिशवीच्या शिवणीत, बाह्यांच्या घडीत आणि मोज्यांवर अडकलेली कणिशके घरी पोहोचण्याआधी त्याच जागी झटकून टाका.